तळघरातलं नाटक

दा-हेने फोनवर "ताई, मुख्य भूमिका मिळाली!" असं किंचाळून सांगितलं तेव्हा मी कुणाच्या तरी खालच्या कवळीचे दात बसवत होते. हातातलं मेण गार झालं, ते पुन्हा तापवावं लागलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. माझी धाकटी बहीण शाळा संपल्यापासून नाटकात राबत होती आणि तोवर तिच्या वाट्याला आलं होतं काय? मोलकरीण, शेजारीण, एकदा भूत, आणि एकदा तर दाराआडून येणारा नुसता आवाज. आई त्या आवाजालाही टाळ्या वाजवून आली होती.

"कसलं नाटक आहे?" मी विचारलं.

"ते नाही सांगणार. येऊन बघ. रविवारी दुपारी पहिला प्रयोग आहे. आईलाही आण."

"कुठे?"

"देहांग्नोलाच. आमच्या नेहमीच्या नाटकांच्या गल्लीत."

"दा-हे, त्या गल्लीतली निम्मी थिएटरं तळघरात आहेत. मला आत जाता येईल का, ते आधी सांग."

"ताई, मी आहे ना! सगळी सोय केलीय. तू फक्त ये."

नऊ वर्षांची असताना माझ्या कण्यात गाठ निघाली. ती काढताना कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मी खुर्चीत आहे, आणि आता तर बॅटरीवर चालणारी, माझ्या दुप्पट वजनाची खुर्ची आहे. त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न पायऱ्यांचा असतो. लोकांना तो कटकटीचा वाटतो. दा-हेला वाटायला नको होता. ती माझी खुर्ची मागून ढकलत ढकलतच मोठी झाली.

त्याच वर्षीच्या वसंतात ती बुचॉनला आमच्या घरी काही आठवडे राहून गेली होती. "तुमची आठवण येते गं," म्हणाली. आई हरखून गेली, रोज तिच्या आवडीचं काहीतरी रांधत होती. मी पलंगावरून खुर्चीत सरकताना दा-हे दारात उभी राहून बघायची. "मदत करू?" असंही विचारत नव्हती, नुसती बघत राहायची. मला वाटलं, लहानपणचं प्रेम उफाळून आलंय.

रविवारी आईने केस कुरळे करून घेतले. फुलं घेतली, पिशवीभर संत्री घेतली. नाटकमंडळी उपाशी राहतात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. अपंगांसाठीच्या टॅक्सीची आम्ही इतकी वाट पाहिली, की प्रयोग चुकतो की काय असं वाटायला लागलं. देहांग्नोला उतरलो तेव्हा रस्ताभर पिवळी पानं पडलेली होती. तरुण पोरापोरींची जोडपी तिकिटं नाचवत चालली होती आणि आई प्रत्येकाला सांगत होती, "माझी धाकटी आहे नाटकात. मुख्य!"

थिएटर सापडलं. एका भाजलेल्या मांसाच्या हॉटेलाशेजारी एक अरुंद दार, दाराच्या आत लगेच खाली जाणारा जिना, उभा आणि अंधारा. दाराबाहेर तिकिटाची खिडकी आणि खिडकीशेजारी माणसाच्या उंचीचं पोस्टर.

पोस्टरवर दा-हे होती. चाकाच्या खुर्चीत बसलेली. मांडीवर चौकडीची शाल, तीसुद्धा माझ्यासारखीच, आणि ओठ असे दाबलेले, जसे मी जोर लावताना दाबते. वर मोठ्या अक्षरांत नाव होतं, 'पंख नसलेल्या मुलीचं गाणं'.

मी पोस्टरकडे बघितलं, मग जिन्याकडे बघितलं. आईसुद्धा दोन्हींकडे बघत होती. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"अगं, ही तर..." ती म्हणाली.

"हो. मीच आहे ती," मी म्हटलं.

खिडकीतली मुलगी लगबगीने बाहेर आली. तिला बहुतेक सांगून ठेवलेलं होतं, कारण ती आधीच अवघडलेली होती. "मॅडम, दा-हेताईंची बहीण ना? आत्ता दोघं जण वर येतात तुम्हाला न्यायला."

"न्यायला म्हणजे कसं?"

"म्हणजे... उचलून. खुर्चीसकट."

"या खुर्चीला चार पैलवान लागतील."

तेवढ्यात दोन पोरगेले तंत्रज्ञ वर आले, काळ्या कपड्यातले. त्यांनी खुर्ची बघितली आणि एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "खुर्ची इथेच राहू दे. आम्ही तुम्हाला पाठीवर घेतो. दोन मिनिटांचं काम."

मी सरळ नाही म्हटलं. एकदा एका मावसभावाच्या लग्नात मी असंच हो म्हटलं होतं. पाठीवर घेणाऱ्याचा पाय घसरला, मी पायऱ्यांवर आपटले, मांडीचं हाड मोडलं, आणि दुखत नसल्यामुळे ते मोडलंय हे मला रात्री सूज दिसल्यावर कळलं. दुसऱ्या एका ठिकाणी उचलणाऱ्याचा हात नको तिथे होता, आणि वर मीच त्याचे आभार मानले. पाठीवर घेऊन उतरवतील, खुर्चीवर ठेवतील, मग खाली आग लागली तर? ते दोघं आधी पळतील की मला शोधतील?

हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "पोस्टरवरची ती खुर्ची खाली कशी नेलीत?"

"ती हलकी आहे, मॅडम. घडी होते तिची."

"म्हणजे रिकामी खुर्ची खाली गेली."

मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी फोन करून विचारलं असतंत तर..."

"माझी सख्खी बहीण खाली आहे! तिला विचारलं होतं मी!"

रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यंग-रान, जाऊ दे ना. आज तिचा दिवस आहे. कुठे तमाशा करायचा?"

"तमाशा खाली चाललाय, आई. आणि तोही माझाच."

"मग काय करू मी? नको जाऊ का?"

तिच्या हातात फुलं होती. मी म्हटलं, "जा तू. बघून ये."

ती गेली. जाताना दर दोन पायऱ्यांनी वळून बघत होती. खाली दार बंद झालं.

खिडकीतल्या मुलीला माझी दया आली असावी. तिच्या टेबलावर एक लहानसा पडदा होता, उशिरा येणाऱ्यांना केव्हा आत सोडायचं ते कळावं म्हणून त्यावर खालचा रंगमंच दिसायचा. तिने तो माझ्याकडे वळवला. "आवाज नाही येत याला," असं म्हणून तिने आपली गरम पाण्याची पिशवीही मला दिली. मी पिशवी घेतली. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, पण राग तर आला होता.

अशा रीतीने मी माझ्या बहिणीचं नाटक रस्त्यावर बसून, तळहाताएवढ्या पडद्यावर, आवाजाविना बघितलं. शेजारच्या हॉटेलातून मांसाचा धूर येत होता.

पडद्यावर दा-हे पलंगावरून खुर्चीत सरकली. आधी उजवा हात, मग धड, मग दोन्ही पाय एकेक करून उचलून ठेवायचे, मग शालीचं टोक ओढायचं. तंतोतंत माझं. वसंतात दारात उभी राहून ती हेच गोळा करत होती तर! लहान मुलाने बाटलीत काजवे गोळा करावेत तसं. पुढे ती जेवली, पुढे न्हाणीघरात पडली, पुढे एक मुलगा येऊन तिला नाकारून गेला. तो मुलगासुद्धा मी ओळखला. त्याच्याबद्दल मी एकट्या दा-हेला सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नकोस असंही सांगितलं होतं.

मध्येच जिन्यावर पावलं वाजली. आई वर येत होती. फुलं तिच्या हातात नव्हती.

"काय झालं?"

"गरम होतंय आत," आई म्हणाली. एवढ्या थंडीत तिने कोटाची बटणंसुद्धा लावली नाहीत. माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली, पिशवीतून संत्रं काढलं, सोलायला लागली. सोललेलं संत्रं तिने खाल्लं नाही, मलाही दिलं नाही. दुसरं काढलं.

"आई, काय बघितलंस?"

"काही नाही. लांबण लावलीय नुसती."

शेवटी शेवटी पडद्यावर निळा प्रकाश पसरला. दा-हे खुर्चीतून उठली. दोन्ही पायांवर उभी राहिली, हात पसरून गोल गोल फिरली आणि मग जमिनीवर पडून निपचित झाली. मरता मरता चालायला लागली, आणि मेली, असं काहीतरी होतं ते. समोरच्या रांगेतली डोकी खाली झुकली. लोक रडत होते.

माझ्या तळपायापर्यंत काही पोचत नाही, पण आग मस्तकात गेली ती गेलीच. म्हणजे मी मेले की मगच सुंदर दिसणार! तोवर नाही! मी खुर्ची पुढे घेतली आणि जिन्याच्या वरच्या दारात, बरोबर मधोमध नेऊन थांबवली. मोटर बंद केली. एका बाजूने एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा उरली.

"मॅडम!" खिडकीतली मुलगी म्हणाली.

"तू तुझं काम कर. तुझ्यावर येऊ देणार नाही मी काही."

लोक वर यायला लागले. डोळे लाल, हातात रुमाल. पहिलं एक जोडपं होतं. मला बघून दचकलं. त्यातली मुलगी म्हणाली, "जरा जाऊ देता?"

"जा की," मी म्हटलं. "फक्त एक सांगा. कसं होतं नाटक? मला खाली उतरता येत नाही, म्हणून विचारते."

तिने पोस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पोस्टरकडे बघितलं. तिचा मित्र म्हणाला, "छान होतं," आणि भिंतीला पाठ घासत निघून गेला. ती मात्र थांबली. "मला खरंच माहीत नव्हतं," म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. मला तिच्या रडण्याचा वीट आला.

मी प्रत्येकाला तेच विचारलं. एक म्हातारे गृहस्थ "सगळ्यांना येता येईल अशा जागी करायला हवं होतं," एवढंच पुटपुटले. एक चष्मेवाला भडकला, "आमच्यावर कशाला राग काढताय? आम्ही तिकीट काढून आलोय!"

"मीपण येणार होते," मी म्हटलं.

मग एक बाई आल्या. आईच्या वयाच्या, चांगल्या कपड्यातल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "पोरी, काय सांगू! मी रडले ती त्या आईच्या प्रवेशाला. हॉस्पिटलच्या जिन्यात ती नवऱ्याला म्हणते बघ, 'ऑपरेशनमध्येच गेली असती तर आपण तिघंही सुटलो असतो.' काळीज फाटलं माझं. असं कसं लिहितात गं माणसं?"

माझ्या शेजारी आईचे हात थांबले. सोललेली साल बोटांतच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेवढ्यानेच मला कळलं. हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

त्या बाई माझा हात थोपटून निघून गेल्या. मी पुढच्या माणसाला काही विचारू शकले नाही. पाच-सहा जण तसेच सरकून गेले.

मग दिग्दर्शक वर आला. कू नावाचा, गळ्यात मफलर, कुणीतरी दिलेला गुच्छ हातात. "ताई! तुम्ही आलात, आमचं भाग्य. आम्हा सगळ्यांना अपंगमित्रांबद्दल किती..."

"मी तुमची ताई नाही. मित्र तर नाहीच नाही. दा-हेला वर पाठवा."

दा-हे आलीच. तोंडाला अजून रंग, अंगावर ती चौकडीची शाल. पायऱ्या दोन दोन चढत आली.

"ताई, काय चालवलंयस हे? लोकांना जाऊ दे ना!"

"जातायत की. चालता येतं त्यांना."

"दुसरी जागा मिळत नव्हती गं. कू म्हणाले, दोघं जण उचलतील..."

"मला विचारलंस?"

"तू नाहीच म्हणाली असतीस!"

"म्हणून विचारलं नाहीस. माझं उठणं, बसणं, न्हाणं नेलंस, तेही न विचारता. त्या मुलाचं नेलंस. निदान शेवटी मला मारताना तरी विचारायचं होतंस!"

"मी तुझ्यासाठी केलं हे सगळं! लोकांना कळावं म्हणून!"

"लोकांना कळलं, आणि मी वर रस्त्यावर धूर खात बसले. माझ्यासाठी!"

कू मध्ये तोंड घालत होता, "आपण आत बसून शांतपणे..." दा-हेने त्याला गप्प केलं. आणि मग ती फुटली. रंग ओघळायला लागला.

"तुझी गोष्ट, तुझी गोष्ट! आपल्या घरात दुसरी कुठली गोष्ट होती का गं कधी? मी सहा वर्षांची होते. माझी शाळा, माझा ताप, माझा वाढदिवस, सगळं तुझ्या हॉस्पिटलात गेलं. त्या जिन्यात मी बसले होते, आईबाबांच्या पायाशी. तू नव्हतीस तिथे. ते वाक्य मी ऐकलं आणि इतकी वर्षं एकटीने सांभाळलं. ते माझं आहे!"

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच माझा राग आणखी भडकला. खोटं असतं तर एका वाक्यात तिला गार केलं असतं.

तेव्हा आई बोलली. अजून तिची पाठ भिंतीलाच होती.

"ते तुझं नाही," ती म्हणाली. "ते माझं आहे."

"आई, मी तुझं नाव नाही..."

"तुझ्या बापाला सांगितलं होतं मी ते. जगात तो एकच माणूस होता ज्याला असलं काही सांगता येत होतं. त्याने ते पोटात ठेवलं आणि तो तसाच गेला. आणि तू? परक्यांना बोलावून, दिवे लावून दाखवलंस? मी पुढच्या रांगेत बसले होते, दा-हे. फुलं घेऊन."

आईने संत्र्यांची पिशवी उचलून तिच्या हातात कोंबली. "खा. वाळली आहेस," असं तिने जे म्हटलं, ते शिवीसारखं म्हटलं. मग माझ्याकडे वळून, "चल," एवढंच.

मी मोटर सुरू केली. जिन्यात अडकलेले उरलेले लोक हळूहळू बाहेर आले. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

टॅक्सीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. मला तिला खूप काही विचारायचं होतं. केव्हा म्हणालीस? पहिल्या ऑपरेशनला की दुसऱ्या? नंतर पुन्हा कधी वाटलं का? पण मी रागाने गच्च भरलेली होते, आणि त्या रागात कुठला कुणासाठी ते वेगळं निघत नव्हतं. मी विचारलं नाही.

दा-हेचे फोन येत राहिले. चौथ्या की पाचव्या दिवशी मी उचलला. म्हटलं, "ते वाक्य काढ." ती म्हणाली, तिने सांगून बघितलं, कू ऐकत नाही, त्याच्या मते सगळं नाटक त्या वाक्यावर उभं आहे. म्हटलं, "मग तू सोड नाटक." ती मग म्हणाली, "नाही सोडवत गं ताई." मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, माझ्या ओळखीच्या आणखी दोन खुर्च्या घेऊन, आणि आम्ही तिघी जिन्याच्या दारात तोच प्रश्न विचारत बसलो. त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो. कुणीतरी फोटो काढून इंटरनेटवर टाकले, चार लोक कूला शिव्या घालायला लागले, चार मला. शेवटी त्यांनी एका समाजमंदिराच्या तळमजल्यावरच्या सभागृहात एक खास प्रयोग लावला. निमंत्रणावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'आमच्या अपंगमित्रांसाठी'. मी ते फाडून टाकलं.

आई गेली. मला न सांगता गेली, एकटी, बस बदलून. संध्याकाळी आली तेव्हा मी भात लावून बसले होते. तिने कोट काढला, हात धुतले, समोर बसली.

"पूर्ण बघितलं या वेळी," ती म्हणाली.

मी भातावरचं झाकण काढलं.

"ती आई झालेली बाई चुकीचं करते. ओरडते, छाती पिटते. मी ओरडले नव्हते. हळू म्हटलं होतं, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कडक वाटला.

"मग काय? वर येऊन तुझी चादर बदलली. तू ओली केली होतीस." तिने माझ्या वाटीत सूप वाढलं, स्वतःच्या वाटीत वाढलं. "ते नाही दाखवत ती नाटकात. ते नाही ऐकलं तिने. जिन्यातच बसून राहिली होती कार्टी."

आम्ही जेवलो. दा-हेशी मी अजून बोलत नाही.